चंदीगडचे शून्य

२०११ च्या जनगणनेत चंदीगडच्या नावापुढे अनुसूचित जमातींचा रकाना रिकामा आहे. पंजाब आणि हरियाणाच्या नावापुढेही तो रिकामाच आहे. या रिकाम्या रकान्यावर एक युक्तिवाद उभा आहे, आणि तो इतका सोपा आहे की त्याला युक्तिवाद म्हणून तपासून पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही. जिथे आदिवासीच नाहीत, तिथल्या विद्यापीठाने आदिवासींचे शिक्षण, त्यांच्या भाषा, त्यांचे ज्ञान आणि त्यावरचे संशोधन यांचे लोढणे गळ्यात का बांधून घ्यावे? त्यासाठी अमरकंटकला विद्यापीठ आहे, गडचिरोलीला आहे. ज्याचे त्याने पाहावे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हण चोख आहे. अडचण एवढीच, की आड रिकामा असल्याचे कुणी आत वाकून ठरवलेले नाही. ते आडावरची पाटी वाचून ठरवले आहे. म्हणून आधी त्या पाटीकडे पाहू.

आज हिमाचल प्रदेशात असलेला लाहौल-स्पिती १९६६ पर्यंत पंजाबात होता. आधी कांगडा जिल्ह्याचा भाग म्हणून आणि १९६० पासून स्वतंत्र जिल्हा म्हणून. पंजाबच्या अनुसूचित जमातींमध्ये नावे होती ती तिथल्या भोट किंवा बोध, स्वांगला, गद्दी या लोकांची. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा वेगळा निघाला, चंदीगड केंद्रशासित झाले आणि डोंगराळ मुलूख हिमाचलला जोडला गेला. डोंगर गेले, त्यांच्याबरोबर यादीही गेली. मैदानात मागे राहिलेल्यांपैकी कुणाचे नाव त्या यादीत नव्हतेच, त्यामुळे रकाना रिकामा झाला. त्या दिवशी चंदीगडच्या रस्त्यांवरचा एकही माणूस कमी झाला नव्हता. विद्यापीठाचे म्हणाल, तर हिमाचलला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९७० मध्ये. तोवर त्या डोंगराळ मुलखातली महाविद्यालये चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचाच शिक्का वापरत होती. ‘आमचा या विषयाशी कधी संबंधच आला नाही’ हे वाक्य ज्याला म्हणायचे असेल, त्याने ते निदान या विद्यापीठाच्या आवारात म्हणू नये.

अशी शून्ये पुसलीही जातात. पुदुचेरीचा रकाना २०११ मध्ये असाच रिकामा होता. २०१६ मध्ये तिथल्या इरुळर समाजाला अनुसूचित जमात म्हणून मान्यता मिळाली आणि शून्याच्या जागी माणसे आली. ती आदल्या दिवशीही तिथेच राहत होती. यादीत घालायचे कुणाला, याचे जे निकष आजही वापरले जातात ते १९६५ च्या लोकूर समितीचे: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजाशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. हे निकष डोंगरात, जंगलात राहणाऱ्या माणसाकडे पाहून बेतलेले आहेत. ज्यांचे पोटच दुसऱ्यांच्या दारात भरते, त्यांना ते लागू पडणारच कसे? गावोगाव फिरून, मैदानात ढोल वाजवून कसरती करणाऱ्या बाजीगराला संपर्काचा संकोच असता तर तो उपाशी मेला असता. पंजाबच्या सपाट, सुपीक, कालव्यांनी भिजलेल्या भूमीत ‘भौगोलिक अलगपणा’ शोधणारा मनुष्य रिकाम्या हाताने परतणार हे ठरलेलेच आहे. रकान्यातले शून्य हे त्या मोजपट्टीचे वर्णन झाले. भूमीचे झाले असे म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला हे पटायला फार लांब जायला नको. आपल्याकडचा फासेपारधी आपले नाव फाशावरून मिरवतो. पंजाबात बावरिया आहेत. १८८१ च्या जनगणनेचा पंजाबचा अहवाल लिहिणाऱ्या डेन्झिल इबेटसन यांनी त्यांचे नाव ‘बावर’ म्हणजे शिकारीचा फास यावरून आल्याचे नोंदवले आहे. दोघांचा धंदा एक, नावाचा अर्थ एक आणि इंग्रज अमदानीत दोघांच्या कपाळी आलेला ‘गुन्हेगार’ हा शिक्काही एकच. आज महाराष्ट्रात पारधी आणि फासेपारधी अनुसूचित जमात आहेत, पंजाबात बावरिया अनुसूचित जाती. बंजाऱ्यांचे तर विचारूच नका: तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. तांडा तोच, बोली तीच, फक्त राज्याची हद्द ओलांडली की माणसाचा वर्ग बदलतो. विद्यापीठाने आपले संशोधन या हद्दींच्या मागे फरफटत न्यायचे ठरवले, तर फासाविषयीचा एकच प्रश्न अमरावतीत आदिवासी अभ्यास ठरेल आणि चंदीगडमध्ये विषयच ठरणार नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे सगळे मागच्या दाराने यादीत शिरण्याचे राजकारण आहे, असे आदिवासी संघटना म्हणतील. महाराष्ट्रात धनगर समाजाची मागणी आहे. बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन तशीच मागणी पुढे केली आहे. आणि दोन्हींना आदिवासी संघटनांचा कडाडून विरोध आहे. जो वाटा आधीच अपुरा आहे त्यात नवे वाटेकरी नकोत, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण माझे म्हणणे नेमके याच्या उलट दिशेचे आहे. पंजाबातल्या सांसी, बावरिया, बाजीगर या समाजांना कोणत्या यादीत ठेवायचे हे संसदेने ठरवावे. विद्यापीठाला त्या निकालाची वाट पाहण्याचे कारणच नाही. एखाद्या बोलीचे व्याकरण लिहायला राष्ट्रपतींच्या आदेशाची गरज नसते, आणि एखाद्या कलेचा अभ्यासक्रम आखला म्हणून कुणाच्या आरक्षणातला कण कमी होत नाही. उलट यादी आणि अभ्यास यांची गाठ सोडली तरच अभ्यास मोकळा होतो. नाहीतर प्रत्येक प्रबंध हा जात-पडताळणीचा पुरावा ठरतो, आणि लिहिणाराही मग पुराव्यासाठीच लिहू लागतो.

आता या विद्यापीठाच्या जन्मकथेकडे वळू, कारण माझ्या मते प्रश्नाचा गाभा तिथे आहे. पंजाब विद्यापीठ लाहोरचे. १४ ऑक्टोबर १८८२ रोजी ते स्थापन झाले. फाळणीनंतर १ ऑक्टोबर १९४७ पासून पूर्व पंजाब विद्यापीठ म्हणून सोलनहून त्याचा कारभार चालला, आणि १९५६ मध्ये ते चंदीगडला आले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ ची, लंडनच्या नमुन्यावर परीक्षा घेणारी. लाहोरचे त्यांच्यापेक्षा वेगळे व्हावे म्हणून एक माणूस झगडला. गॉटलिब विल्हेल्म लाइटनर, जन्माने बुडापेस्टचा, १८६४ पासून लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचा प्राचार्य. १८६५ मध्ये त्याने अंजुमन-ए-पंजाब काढली. पुढे १८६९ मध्ये जे युनिव्हर्सिटी कॉलेज उभे राहिले, त्याच्या उद्दिष्टांत पाश्चात्य विद्या शक्यतो पंजाबच्या देशी भाषांतून शिकवावी आणि देशी भाषांतले वाङ्मय वाढवावे असे स्पष्ट लिहिले होते. १८८२ साली त्याने पंजाबातील देशी शिक्षणाचा मोठा इतिहास लिहिला. इंग्रजांनी पंजाब ताब्यात घेतला तेव्हा तिथल्या देशी शाळांत किमान ३,३०,००० मुले शिकत होती आणि १८८२ पर्यंत तो आकडा १,९०,००० च्या आसपास घसरला, हा त्याचा हिशेब. इतिहासकार धरमपाल यांनी शंभर वर्षांनी हाच हिशेब पुन्हा पुढे आणला. म्हणजे ‘देशी शिक्षण’ हा शब्द या विद्यापीठाच्या पाळण्यातला आहे. त्याला बाहेरून आणायची गरज नाही.

लाइटनरच्या या बाजूचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ होते. त्याची दुसरी बाजू सहसा कुणी उघडत नाही. १८७९ मध्ये लाहोरला मुहम्मद अब्दुल गफूर यांचा एक कोश निघाला: पंजाबातील ‘गुन्हेगार जमातीं’च्या शब्दांचा. त्याच्या शीर्षकातच सांगितले होते की सोबत प्रत्येक जमातीचा त्रोटक इतिहास आहे, आणि त्या जमातींतल्या माणसांची नावे व राहण्याची ठिकाणेही आहेत. शब्दकोशात पत्ते! भाषाशास्त्राच्या इतिहासात अशी जोडी क्वचितच सापडेल. दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, या कोशाचे सविस्तर विश्लेषण लाहोरहून प्रसिद्ध झाले. ते करणारा विद्वान म्हणजे आपला लाइटनरच. देशी पाठशाळा, मक्तब, मदरसे, गुरुमुखी शाळा, महाजनी लिपी शिकवणाऱ्या शाळा यांच्यासाठी सरकारशी भांडणारा माणूस सांसींच्या बोलीकडे आला तो पोलिसी कोशाच्या दाराने. त्याला दुष्ट ठरवण्यात मला रस नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पहिल्यांदा लागू झाला त्या प्रांतांत पंजाब होता, आणि तो काळच तसा होता. पण विद्यापीठाच्या मुळाशी जी विभागणी पडली ती इथे उघडी दिसते. ज्यांच्याकडे लिपी होती त्यांच्याकडे ‘विद्या’ होती. ज्यांच्याकडे फक्त वाणी होती त्यांच्याकडे ‘गुप्त भाषा’ होती. पहिल्यांसाठी अभ्यासक्रम आखला गेला, दुसऱ्यांसाठी चौकीतले रजिस्टर.

आणि ज्या सांसींचा शब्दसंग्रह चोरांची सांकेतिक भाषा म्हणून गोळा केला गेला, त्यांच्याविषयी त्याच काळातले सरकारी लेखक दुसरी एक गोष्ट नोंदवून ठेवतात: सांसी हे कित्येक जाट कुळांच्या वंशावळी सांगणारे होते. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला हेळवी पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवतात, तसे. कुणाचा पणजोबा कुठून आला, कोणत्या गावात कोण वसले, सोयरीक कुठे जुळली, हे सारे तोंडपाठ. पंजाबच्या ग्रामीण इतिहासाचे हे जिवंत दफ्तर होते. जमीनदार जाटांसाठी जो दफ्तरदार, तोच पोलिसांसाठी जन्मजात चोर. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि दुसरा शिक्का कागदोपत्री तरी पुसला गेला. पहिली ओळख मात्र कुणी परत दिली नाही. ती परत देण्याचे काम पोलिसांचे नव्हते, समाजकल्याण खात्याचेही नव्हते. दफ्तर कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो त्यांचे ते काम होते, आणि तो अधिकार इतिहासाच्या विभागांकडे असतो.

जुने झाले ते झाले, आता भारतीय ज्ञान परंपरा अभ्यासक्रमात आलीच आहे ना, असे कुणी म्हणेल. आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्याने एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के या विषयात घ्यावेत असे अपेक्षित आहे. कल्पनेला माझा विरोध नाही. पण या शीर्षकाखाली बहुतेक ठिकाणी जे शिकवले जाते ते चाळून पाहा: ज्योतिष-गणित, आयुर्वेद, वास्तू, नाट्यशास्त्र, अर्थशास्त्र. सगळे ग्रंथस्थ, बहुतेक संस्कृत. लाइटनरच्या वेळची चाळणी आजही तशीच हलते आहे. लिपी असलेले वर राहते, वाणीतले खाली गळते. पंजाबच्या विद्यापीठाने ज्ञान परंपरेचा अभ्यासक्रम करावा आणि त्यात बावरियाच्या फासाला, सांसीच्या वंशावळीला, लाहौलच्या बर्फात तग धरणाऱ्या शेतीला जागा नसावी, तर ते ज्ञान भारतीय नाही की परंपरा नाही, याचे उत्तर अभ्यासक्रम करणाऱ्यांनी द्यावे. दोन्ही नाही असे कुणी म्हणणार नाही. मग उरते ते एकच कारण, की ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विद्वान म्हणायला जीभ वळत नाही.

ढोलाचे उदाहरण घ्या. पंजाबची जगभरातली ओळख आज भांगड्याशी बांधली गेली आहे. चंदीगडच्या विद्यापीठाचे युवा महोत्सव भांगडा, लुड्डी, गिद्धा यांच्याशिवाय होत नाहीत. संघांच्या चुरशी होतात, बक्षिसे वाटली जातात. या नाचाचा कणा म्हणजे ढोल, आणि फाळणीनंतरच्या भारतीय पंजाबात ढोलाची विद्या ज्यांनी पेलली त्यांत बाजीगरांचा वाटा फार मोठा आहे. रंगमंचीय भांगडा ज्या संघाने १९५० च्या दशकात देशापुढे आणला, त्या तेव्हाच्या पेप्सू राज्याच्या संघाचा ढोल वाजवणारे सुनामचे भाना राम हे बाजीगरच. ठेका बोलातून शिकवायचा, कानाने पकडायचा, उस्तादाच्या हाताकडे पाहत हात बसवायचा, नाचणाऱ्याचे पाऊल कुठे पडणार हे आधीच्या मात्रेत ओळखायचे; ही पूर्ण शिक्षणपद्धती आहे, तिच्यात पाठ आहेत, परीक्षा आहे, नापास होणेही आहे. याविषयीचा सविस्तर ग्रंथ २०२१ मध्ये निघाला. लिहिणारे गिब श्रेफ्लर हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शिकवणारे प्राध्यापक आणि प्रकाशक इलिनॉय विद्यापीठ. त्यांनी चांगले काम केले, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण ज्याच्या महोत्सवात तो ढोल वाजतो त्या विद्यापीठाला ‘आमच्याकडे असा विषय नाही’ म्हणता येते आणि तो विषय कॅलिफोर्नियात सापडतो, यात काहीतरी चुकते आहे. विद्यापीठात मानवशास्त्राचा जुना विभाग आहे, पंजाबीचा आहे, संगीताचा आहे. एकेकट्या अभ्यासकांनी कधी या विषयाला हात घातला नसेल असे मी म्हणत नाही. प्रश्न संस्थेचा आहे. ढोली हा संस्थेच्या लेखी कार्यक्रमाच्या खर्चातली एक नोंद आहे की अध्यापक?

जागा राखीव आहेत, ते पुरेसे नाही का? चंदीगडमधल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेसारख्या केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा असतात. स्थानिक यादी रिकामी असल्याने त्या जागांवर हिमाचल, लडाख, झारखंड, ईशान्य भारतातून मुले येतात. आरक्षण हवेच, त्यावर वाद नाही. पण आरक्षण मुलाला वर्गात आणते; वर्गात काय शिकवायचे याविषयी ते काही बोलत नाही. किन्नौरची मुलगी चंदीगडला येते तेव्हा ती आपली भाषा, आपली शेती, आपल्या देवतांचे न्यायनिवाडे हे सारे वसतिगृहाच्या दारात ठेवून आत जाते. तीन वर्षांनी पदवी घेऊन निघताना ते तिथेच पडलेले असते. तिला बसायला जागा मिळाली, तिच्या ज्ञानाला मिळाली नाही. सांसी किंवा बाजीगर मुलाची गत आणखी वेगळी: तो अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर येतो आणि आपला समाज कोणता हे शक्य तितके झाकून ठेवतो. त्याच्या झाकण्याला त्याचा भित्रेपणा म्हणण्याआधी १८७९ च्या कोशाची आठवण ठेवलेली बरी.

अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ २००७ च्या कायद्याने आले. आंध्रला, तेलंगणाला तशीच केंद्रीय विद्यापीठे मिळाली. आपल्याकडे २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. ही विद्यापीठे हवीत, आणखी हवीत. पण ती आहेत म्हणून बाकीचे सुटले, असे मानणे म्हणजे गावाबाहेर वस्ती वसवून गाव शुद्ध झाल्याचे समाधान मानण्यासारखे आहे. शिवाय या वाटणीत भटके-विमुक्त कुठेच बसत नाहीत. इदाते आयोगाने देशभरातल्या विमुक्त आणि भटक्या समाजांची जी यादी केली, त्यातले २६९ समाज अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागासवर्ग यांपैकी कशातच नव्हते. त्यांच्यासाठी कोणते अमरकंटक? या प्रश्नावर केंद्राने नेमलेल्या दोन आयोगांचे अध्यक्ष, बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते, दोघेही महाराष्ट्राचे. हा योगायोग नव्हे. विमुक्तांचा प्रश्न हा स्वतंत्र प्रश्न आहे हे महाराष्ट्रात त्या समाजांतल्या माणसांनी स्वतः बोलून, लिहून, रस्त्यावर येऊन मांडले. पंजाबात हे समाज अनुसूचित जातींच्या मोठ्या यादीत गेले. त्यांना सवलत मिळाली आणि त्यांचा प्रश्न दिसेनासा झाला.

दर्जाचे काय, हा आक्षेप विद्यापीठांना सर्वांत प्रिय आहे. ज्याला पदवी नाही तो शिकवणार कसा, ज्याची बोली लिहिली जात नाही तिच्यात प्रबंध कसा तपासणार? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतःच देऊन ठेवले आहे. २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमता येतात. औपचारिक पदवीची अट नाही, आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी पदे भरता येतात. उद्योगातले व्यवस्थापक आणि निवृत्त सनदी अधिकारी यांच्यासाठी ही वाट किती मोकळी आहे हे सांगायला नको. पंधरा वर्षे ढोल शिकवलेल्या उस्तादाला तीच वाट बंद का असावी, याचे कारण नियमात सापडत नाही. दर्जा हा शब्द मला मान्य आहे. तो तपासणारा कोण, एवढेच विचारायचे आहे. वंशावळीची चूक वंशावळ जाणणाराच काढू शकतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगटाची जी रीत बसवली तिच्यात गावकरी आणि बाहेरचा जाणकार एकत्र बसतात, प्रश्न गावाचा असतो, आणि कळलेले आधी गावाला कळते. तिथे कुणी अडाणी ठरत नाही आणि कुणाची पदवीही वाया जात नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, त्यामागे ही बैठक होती. हा दर्जा नसेल तर दर्जा कशाला म्हणायचे?

एक आक्षेप मात्र मला मनापासून गंभीर वाटतो. या समाजांचा अभ्यास करणे म्हणजे त्यांच्यावरचा डाग पुन्हा उजळणे आहे. पोरे नाव झाकून पुढे जाऊ पाहतात आणि विद्यापीठ त्यांना पुन्हा सांसी, पुन्हा बावरिया म्हणून समोर उभे करणार. शंभर वर्षे ज्यांचे शब्द, चेहरे, ठसे गोळा करण्यात गेली त्यांना आणखी एक प्रश्नावली घेऊन भेटणे हा उपकार नव्हे. खरे आहे. पण यावरचे औषध अभ्यास बंद करणे हे नसून अभ्यास कुणाच्या हातात आहे ते बदलणे हे आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ यांना अनुक्रमे १९८१ आणि १९८८ चे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले. ‘उचल्या’ हे नाव म्हणजे तो डागच होता. तो लेखकाने स्वतः पुस्तकावर छापला आणि त्याची धार उलटी फिरवली. अहमदाबादच्या छारानगरात, सांसींच्याच एका शाखेतल्या तरुणांनी बुधन थिएटर उभे केले, आणि पोलीस कोठडीत मेलेल्या माणसाचे नाव आपल्या रंगमंचाला दिले. लपवणे हा एकच मार्ग नसतो, हे या दोन्हींनी दाखवले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आधी आमची परवानगी, मग तुमचे काम, आणि निघालेले निष्कर्ष आम्हाला परत. चंदीगडच्या विद्यापीठाने असे काही लिहून घ्यायचे ठरवले तर ते लिहिणारे हात बाजीगरांचे, सांसींचे, लाहौलींचे असले पाहिजेत. विद्यापीठाने फक्त सही करावी.

पैशाचा आक्षेप मी एका वाक्यात आटोपतो: दोन अध्यापक, एक ध्वनिमुद्रण कक्ष आणि काही शिष्यवृत्त्या यांचा खर्च एवढ्या मोठ्या विद्यापीठाला जड जाण्याइतका नाही.

तेव्हा चंदीगडकडे मागणे अगदी नेमके आहे. ढोलाच्या उस्तादांना अध्यापक म्हणून नेमा. सांसी, बावरिया आणि बाजीगर यांच्या बोलींचे ध्वनिमुद्रण त्या बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या आणि त्याची मालकी त्या समाजांकडे ठेवा. वंशावळी सांगणारे जे कुणी उरले असतील त्यांना इतिहास विभागात बसवा, साक्षीदार म्हणून नव्हे, सहलेखक म्हणून. १८७९ चा तो कोश आणि १८८० चे ते विश्लेषण हा विद्यापीठाचा वारसा आहे. त्यांचे पुनर्वाचन ज्यांची नावे व ठिकाणे त्यात गोळा केली त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हातून होऊ द्या. यातल्या कशालाही अनुसूचित जमातींच्या रकान्यात आकडा भरून येण्याची गरज नाही.

आणि मराठी वाचकाने हे सगळे दुसऱ्याच्या घरातले भांडण म्हणून वाचू नये. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ आपण वाङ्मय म्हणून वर्गात नेले. पारध्यांच्या बोलीचा, कैकाड्यांच्या बोलीचा, हेळव्यांच्या स्मरणाचा अध्यापक नेमण्याचे धाडस आपल्या विद्यापीठांनी तरी कुठे केले? ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड भटक्यांच्या बोलींचा आहे. त्यात पंजाबच्या सांसींची बोली आहे आणि आपल्या कोल्हाट्यांची बोलीही आहे. तो खंड १९२२ मध्ये छापला गेला.